स्वाध्याय-पाठ : पाठीच्या मणक्यांमधली गादी वयाबरोबर कशी बदलते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या सप्ताहाला आपल्या एक ज्येष्ठ ताई आल्या नाहीत. वय 71. इतक्या वर्षांत त्यांचा एकही सप्ताह चुकलेला मला आठवत नाही. चौकशी केली तर सूनबाई म्हणाल्या, "काका, आईंचा एमआरआय काढला. मणक्यांच्या गाद्या झिजल्यात असं आलंय. तेव्हापासून त्या खाली बसायला घाबरतात, आणि खुर्चीवर बसून पोथी वाचायची त्यांना लाज वाटते. म्हणून घरीच थांबल्या."

त्यांचा रिपोर्ट मी पाहिला. शरीररचनाशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे गुरुबंधू असे कागद माझ्याकडे आणतातच. त्यात जे लिहिलं होतं ते ऐकून एखाद्याला वाटेल की कणा आता मोडतोच आहे. खरं तर तसला रिपोर्ट त्यांच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाचा येतो. हे ताईंना कोणी सांगितलंच नाही. म्हणून हा महिन्याचा पाठ त्या गादीवर. थोडा लांबला आहे, दोन-तीन बैठकींत वाचलात तरी चालेल. घरातल्या मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा ही विनंती.

*आधी गादी म्हणजे काय ते पाहू*

कण्यात मान ते कंबर असे हलणारे 24 मणके: मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5. त्याखाली माकडहाडाकडचे मणके एकमेकांना जुळून गेलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला डॉक्टर 'डिस्क' म्हणतात आणि आपण 'गादी'. अशा गाद्या 23. मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते, म्हणून तर आपण मान डावी-उजवीकडे इतकी सहज वळवू शकतो. कण्याच्या एकूण लांबीचा साधारण चौथा हिस्सा या गाद्यांचाच असतो.

(मागे समूहात कोणीतरी विचारलं होतं की चकत्या म्हणजेच चक्रं का? नाही. षट्चक्रं हा साधनेचा विषय, तो एमआरआयमध्ये दिसत नाही. दोन्ही कण्याच्या वाटेवर आहेत एवढंच साम्य.)

गादीची रचना समजायला पुरणपोळी डोळ्यासमोर आणा. मध्ये पुरण, भोवती पारी. गादीच्या मध्यभागी मऊ, बुळबुळीत गर असतो आणि भोवती चिवट कडं असतं. पण हे कडं कणकेसारखं एकजीव नसतं. कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे, साधारण 15 ते 25. प्रत्येक पापुद्र्यातले तंतू तिरके जातात, आणि लगतच्या पापुद्र्यातले त्याच्या उलट बाजूला तिरके. बाजेची सुंभ जशी आडवी-तिरकी विणलेली असते, तशी. त्यामुळे आपण डावीकडे वळलो की एका बाजूचे पापुद्रे ताणले जातात, उजवीकडे वळलो की दुसऱ्या बाजूचे. एकाच वेळी सगळे तंतू कधी ताणले जात नाहीत. वरून आणि खालून, मणक्याला लागून, कूर्चेचं एक पातळ झाकण असतं. जाडी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. हे झाकण लक्षात ठेवा, कारण गादीचं सगळं नशीब त्याच्यावर आहे.

*गर पाणी कसं धरतो*

लहान बाळाच्या गादीतल्या गरात शंभरातले 85 ते 90 भाग पाणी असतं. मग हे पाणी वजनाखाली बाहेर का येत नाही? कारण ते मोकळं पाणी नाही. उपासाच्या आदल्या रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी पाहा. भांडं तिरकं केलं तरी पाणी सांडत नाही, दाण्यानेच ते धरून ठेवलेलं असतं. गरातही असेच पाणी धरणारे मोठमोठे रेणू असतात. त्यांचं नाव अॅग्रिकॅन. बाटली धुवायच्या ब्रशसारखा त्यांचा आकार, आणि प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार. हा भार आजूबाजूचं मीठ आणि त्यामागून पाणी खेचून घेतो. म्हणून गर सतत फुगायला बघतो, आणि कडं त्याला आवळून धरतं. हवा भरलेल्या टायरसारखा ताण तयार होतो. गादीची लवचीकता म्हणतात ती हीच: आतून फुगण्याचा जोर आणि बाहेरून आवळण्याचा जोर यांचा तोल.

टायरची तुलना मी उगाच दिली नाही. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत बारीक दाबमापक बसवून दिवसभर आणि रात्रभर मोजमाप केलं. 1999 साली ते प्रसिद्ध झालं. आपल्याला समजेल अशा मापात सांगायचं तर, निजलेलं असताना दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब. उभं असताना 5 किलो. उभ्याने पुढे वाकलं की 11. मोटारीच्या टायरमध्ये आपण सव्वादोनच्या आसपास भरतो, म्हणजे नुसतं आरतीला उभं राहिलो तरी कमरेच्या गादीत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो.

याच प्रयोगात 20 किलोचं ओझं उचलायला लावलं होतं. आपल्याकडचा पिण्याच्या पाण्याचा मोठा जार बरोबर 20 लिटरचा, म्हणजे तेवढाच. पाठ वाकवून उचलला तर दाब 23 किलो. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून उचलला तर 17. आणि उचलून झाल्यावर अंगाशी घट्ट धरला तर 11. ओझं तेच. जार अंगापासून लांब धरणं हाच खरा घात. भंडाऱ्याच्या दिवशी मुलं हात लांब करून एकाला दुसरा जार देत उभी असतात ना, त्यांच्या आईवडिलांनी हा परिच्छेद त्यांना जरूर पाठवावा.

*सकाळची उंची आणि रात्रीची उंची*

हा प्रयोग घरी करून पाहा, मुलांना फार आवडतो. उठल्या उठल्या भिंतीला टेकून उंचीची खूण करा. तीच व्यक्ती, तीच जागा, अनवाणी. रात्री झोपण्याआधी परत करा. साधारण एक टक्का फरक येतो. 160 सेंटिमीटरच्या माणसाला दीड सेंटिमीटरच्या आसपास. दिवसभर उभ्या वजनाखाली गाद्यांमधलं थोडं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं आणि रात्री निजलं की परत आत येतं. विल्के यांच्या मोजमापातही रात्री झोपेत गादीतला दाब 1 किलोवरून पहाटेपर्यंत जवळपास अडीच किलो झाला होता. गादी रात्री भिजत घातलेली असते म्हणा ना.

विशेष म्हणजे दिवसभरात जेवढी उंची घटते त्यातली निम्म्याहून जास्त उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच घटते. म्हणजे पहाटे गादी तुडुंब भरलेली असते. भरलेल्या अवस्थेत ती वाकायला राजी नसते. पूर्ण फुगलेला फुगा दुमडून बघा, तसं. पहाटे पुढे वाकताना गादीच्या कड्यावर पडणारा ताण दुपारच्या मानाने तिप्पट-चौपट असू शकतो असं प्रयोगशाळेतल्या मोजमापांत आढळलं आहे. कंबरदुखी असलेल्या लोकांना काही महिने सकाळच्या वेळी वाकणं टाळायला सांगितलं, तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं. हा अमेरिकेतला अभ्यास 1998 सालचा आहे.

आता आपली पहाट आठवा. चार-साडेचारला उठायचं, केर काढायचा, सडा-रांगोळी करायची, वाकून न्हायचं, आणि लगेच काकड आरती. सगळं वाकण्याचंच काम, आणि तेही त्या पहिल्या तासात! मी कोणालाही काकड आरती सोडा म्हणणार नाही. पण रांगोळी पाटावर बसून काढा, केर उभ्याने काढता येईल अशा लांब दांड्याच्या झाडूने काढा, आणि साष्टांग नमस्कार आरतीच्या शेवटी घाला, आल्या आल्या नको. उठल्यावर अर्धा-पाऊण तास थोडं चालणं-फिरणं झालं की गादीतलं जादा पाणी आपसूक उतरतं.

*वय वाढतं तसं काय होतं*

गादीचं म्हातारपण किती लवकर सुरू होतं हे ऐकून तरुण मंडळी चकित होतात. बाळपणी गादीच्या झाकणातून बारीक रक्तवाहिन्या आत येतात. पहिल्या काही वर्षांत त्या आक्रसून नाहीशा होतात. त्यानंतर गादीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा नसतोच. शरीरातला एवढा मोठा, रक्तवाहिन्या नसलेला दुसरा भाग नाही. मग आतल्या पेशींना अन्न कुठून? मणक्याच्या हाडातल्या रक्तातून, त्या पातळ झाकणातून झिरपत झिरपत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत असतं त्याला विचारा. वरच्या सगळ्यांचं भिजून झालं की त्याला पाणी, तेही कधी येईल ते. गादीच्या मधल्या पेशी म्हणजे ते टोकाचं शेत. त्यामुळे तिथे पेशीही थोड्याच, एकूण आकारमानाच्या शंभरात एक भाग. पेशी थोड्या, म्हणून डागडुजी मंद. झालेली चीर भरून यायला हाडाला जसे दीड-दोन महिने पुरतात तसं इथे नाही.

वयाच्या दहा-वीसमध्येच गरात पहिले बारीक बदल दिसू लागतात. झाकण हळूहळू घट्ट, चुनकट होऊ लागतं. झिरपणं कमी होतं. पेशी अर्धपोटी राहतात, नवे अॅग्रिकॅन कमी बनतात आणि जुन्यांचे तुकडे पडतात. पाणी धरणाराच तुटला तर पाणी कुठे राहणार? म्हातारपणी गरातलं पाणी शंभरात सत्तरच्या आसपास येतं. आवळ्याची सुपारी करताना फोडी उन्हात ठेवतो तेव्हा काय होतं? आधी रसरशीत, मग चिवट, मग कडक. गर तसाच बुळबुळीतपणा सोडून तंतुमय होतो. तरुण गादी कापली तर गर कुठे संपतो आणि कडं कुठे सुरू होतं हे स्पष्ट दिसतं. सत्तरीतल्या गादीत ती सीमा पुसली जाते. आम्ही शवविच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थ्यांना दोन गाद्या शेजारी ठेवून दाखवायचो. एकीचा गर पांढरा, चकचकीत, कापल्याबरोबर वर उसळणारा. दुसरीचा पिवळट-तपकिरी, कोरडा, जिथे होता तिथेच बसून राहिलेला.

तो पिवळा-तपकिरी रंग कुठून येतो हेही सांगतो, कारण आपल्या समूहात मधुमेही पुष्कळ आहेत. भाकरी भाजताना जे डाग पडतात, त्याच जातीची क्रिया शरीरात अतिशय सावकाश चालू असते. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते, आणि वर्षांनुवर्षं चिकटून त्यांच्यात आडवे टाके घालते. गादीतले तंतू फार दीर्घायुषी, बदलले जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर हे टाके साठत जातात. टाके पडलेला तंतू ताठ होतो, ताणला की लवकर तडकतो. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली तर ही क्रिया लवकर होते. प्रसादाच्या शिऱ्यावर एवढंच बोलतो, पुढचं तुम्ही जाणता.

गर नरम पडला की भार कड्यावर येतो, आणि मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्यांच्यावर येतो. कडं बाहेर फुगतं, थोडी उंची जाते, सांधे घासतात. शरीर मग आधारासाठी मणक्याच्या काठावर हाडाची कंगोरी वाढवतं. "हाड वाढलंय" म्हणतात ते हे. आणि "मणक्यात गॅप आलाय" असं आपण म्हणतो, ते खरं तर उलट आहे. गॅप कमी झालेला असतो.

यात फक्त वयाचा हात नाही. फिनलंडमधल्या जुळ्या भावांवर वर्षानुवर्षं झालेल्या अभ्यासात दिसलं की गाद्या किती आणि कशा झिजतील यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जड कामाचा वाटा लोकांना वाटतो तितका नाही. बिडी-सिगरेटचा आहे, कारण ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्या झाकणाचं झिरपणं अवलंबून त्यांनाच ती आवळते. तेव्हा "मी उभी हयात पाण्याच्या कळशा वाहिल्या म्हणून हे झालं" असं मनाला लावून घेणाऱ्या मावशींनी स्वतःला दोष देणं थांबवावं.

*रिपोर्टमधले शब्द*

ताईंच्या रिपोर्टमध्ये तीन शब्द होते: 'डेसिकेशन', 'बल्ज', आणि 'डीजनरेटिव्ह चेंजेस'. पहिल्याचा अर्थ पाणी कमी होणं. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून तरुण गादी पांढरी आणि कोरडी गादी काळी दिसते. दुसऱ्याचा अर्थ कडं थोडं बाहेर फुगणं. तिसऱ्याचा अर्थ, सरळ सांगायचं तर, वय.

2015 साली ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या 33 अभ्यासांतली माहिती एकत्र केली. एकूण 3110 माणसं, आणि त्यांच्यापैकी कोणालाही कंबरदुखी नव्हती. तरीही विशीतल्या शंभरातल्या 37 जणांच्या चित्रात गादीची झीज होती. ऐंशीत शंभरातल्या 96 जणांच्या. गादी फुगलेली विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे हे आकडे आहेत! पांढऱ्या केसांचा कोणी रिपोर्ट काढत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यावरही 'डीजनरेटिव्ह चेंजेस' असंच लिहून आलं असतं.

म्हणजे सगळी कंबरदुखी मनाची आहे असं मात्र नाही. दुखणं खरं असतं. पण चित्रातली झीज आणि दुखणं यांचा संबंध जोडायचा असेल तर डॉक्टरांनी अंगाला हात लावून तपासावं लागतं: पाय वर उचलून बघायचा, अंगठ्याची ताकद बघायची, पायाला बधिरपणा कुठे आहे ते बघायचं. नुसत्या चित्रावरून शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्याला आधी दुसरं मत घेऊन येतो म्हणावं.

*गादी सरकते कोणाची?*

इथे बहुतेकांची कल्पना उलटी असते. गादी सरकण्याचा धोका म्हाताऱ्यांना जास्त वाटतो, पण हा प्रकार सर्वांत जास्त 30 ते 50 या वयात दिसतो. पुरणपोळीकडे परत या. पुरण सैलसर असेल आणि पारीला बारीक चीर असेल, तर लाटताना पुरण बाहेर येतं. पुरण वाळून कोरडं झालं असेल तर कितीही दाबा, बाहेर यायला काही नसतंच. तिशी-चाळिशीत गरात दाब भरपूर असतो, आणि कड्याला मात्र चिरा पडू लागलेल्या असतात. म्हणून तो काळ धोक्याचा. सत्तरीत गर इतका घट्ट झालेला असतो की नव्याने सरकणं कमी होतं. तिथे त्रास वेगळा: वाढलेलं हाड आणि जाड झालेले बंध यांनी मज्जारज्जूची वाट अरुंद होते. थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. भाजीबाजारात हातगाडीला ओणवं टेकलं की ज्यांना बरं वाटतं, त्यांनी डॉक्टरांना हेच शब्द सांगावेत. निदान अर्धं होतं.

म्हणून आपल्या उत्सवात मी काळजी करतो ती आजोबांची कमी आणि चाळिशीतल्या कार्यकर्त्यांची जास्त. दत्तजयंतीला रात्रभर गाडीतून प्रवास करून गाणगापूर किंवा गरुडेश्वरला पोचायचं आणि उतरल्या उतरल्या सतरंज्यांचे गठ्ठे, भाताची पातेली उचलायची. तासन्‌तास पुढे झुकून बसल्याने पाठीचे बंध ताणून सैल झालेले असतात, ते लगेच पूर्ववत होत नाहीत. उतरल्यावर दहा मिनिटं पाय मोकळे करा, दोन-चार वेळा कमरेवर हात ठेवून हळू मागे झुका, मग पातेल्याला हात लावा. मोठं पातेलं चौघांनीच उचलायचं, दोघांनी शूरपणा दाखवू नये.

सरकलेली गादी मज्जातंतूला टेकली की कुल्ह्यापासून पोटरी-पावलापर्यंत कळ जाते. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, रुग्णाची चाल तशी होते म्हणून. दुखणं इतकं जुनं, पण त्याचं कारण सरकलेली गादी असू शकते हे ठामपणे मांडलं गेलं 1934 साली, अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी. बहुतेक रुग्णांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय दीड ते तीन महिन्यांत उतरतं. बाहेर आलेला गरही पुष्कळदा आक्रसतो, शरीर तो शोषून घेतं. या काळात अंथरुणाला खिळून राहू नये. एक-दोन दिवस विसावा, मग सोसेल तेवढं चालणं.

"एका झटक्यात गादी बसवून देतो" असे व्हिडिओ समूहात फिरतात. गादी म्हणजे ड्रॉवर नाही, ढकलला की आत जायला. त्या झटक्याने आधीच चिरलेलं कडं आणखी फाटू शकतं. आणि "रोज चार लिटर पाणी प्या, गादी भरून येईल" हाही निरोप थांबवा. तहान लागेल तेवढं पाणी प्यावंच, पण साबुदाण्याऐवजी वाटीत खडे घेतले तर कितीही पाणी ओता, ते भिजत नाहीत. पाणी धरणारे रेणू कमी झालेत, पाणी कमी पडलेलं नाही.

मग गादीला उपयोगी काय? हालचाल. दाब आणि मोकळीक यांच्या आलटून-पालटून येण्याने त्या झाकणापलीकडची देवाणघेवाण चालू राहते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नियमित पळणाऱ्या आणि वेगाने चालणाऱ्यांच्या कमरेच्या गाद्यांमध्ये बैठ्या लोकांपेक्षा जास्त पाणी दिसलं. आपल्याला पळायची गरज नाही. औदुंबराच्या प्रदक्षिणा आहेतच. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र पश्चिमोत्तानासन, हलासन अशी पुढे दुमडणारी आसनं करू नयेत, त्यात गादीपेक्षा मणक्यालाच धोका.

*आता आसनाचं*

मांडी घालून सपाट जमिनीवर बसलं की कुल्ह्याचं हाड मागे कलतं, कमरेचा नैसर्गिक बाक जातो आणि पाठीला पोक येतो. गादीचा पुढचा भाग दबतो, मागचं कडं ताणतं. तरुणाला ते सोसतं. ज्याची गादी ताठ झाली आहे त्याला तासाभरात कळ लागते. साधा उपाय: आसनाखाली चार बोटं उंचीची घडी, मग ती सतरंजीची असो की लोडाची. बैठक गुडघ्यांपेक्षा उंच झाली की कंबर आपोआप सरळ होते. पोथी मांडीवर नको, व्यासपीठावर किंवा पाटावर उंच ठेवा म्हणजे मान वाकणार नाही. अध्याय संपला की एकदा उभं राहायचं, दोन श्वास, परत बसायचं. त्याने पारायणात खंड पडत नाही.

आणि ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी खुर्ची घ्यावी. हातांची, पाठीला आधार असलेली, पाय जमिनीला टेकतील अशी. प्लॅस्टिकच्या खोलगट खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवायची.

खुर्चीची लाज कशी आली याचा मी विचार केला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ती आपणच आणली. खुर्च्या नेहमी मागच्या भिंतीला, चपलांजवळ मांडतो. खाली बसलेल्यांकडे "बघा, ऐंशीव्या वर्षीही मांडी ठोकून बसतात" असं कौतुकाने बोट दाखवतो, मीही दाखवलं आहे. ज्याची गादी वडिलोपार्जित बरी आली आहे त्याच्या मांडीचं कौतुक, आणि जिची नाही तिने चपलांपाशी बसायचं. महाराजांनी कधी कोणाची मांडी तपासल्याचं मला तरी आठवत नाही.

ताईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांच्या पायात ताकद आहे, बधिरपणा नाही, चालताना त्रास नाही, दुखणं सकाळी थोडा वेळ. डॉक्टरांनीही तपासून व्यायाम सांगितला आहे. त्यांना म्हटलं, "ताई, तुमची गादी 71 वर्षांची आहे, तुमच्याइतकीच." त्या हसल्या. मग विचारलं, "पण खुर्ची कुठे ठेवणार?"

पुढच्या सप्ताहापासून पाच खुर्च्या पहिल्या ओळीत, पादुकांच्या उजव्या हाताला मांडायच्या असं व्यवस्था पाहणाऱ्या बंधूंशी बोलून ठरलं आहे. मागे भिंतीला एकही खुर्ची राहणार नाही. ज्यांना हवी त्यांनी आदल्या दिवशी नाव कळवावं, कारण विचारलं जाणार नाही.

*लगेच डॉक्टरांकडे कधी*

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, दोन्ही पायांची ताकद जाणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच मोठ्या रुग्णालयात जावं. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल वर उचलता न येणं, पडल्यावर सुरू झालेली पाठदुखी, ताप किंवा वजन घटण्याबरोबरची पाठदुखी, पूर्वी कर्करोग झालेल्यांना नव्याने सुरू झालेली पाठदुखी, आणि उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी होणं, यांसाठीही थांबू नये. उंचीचं शेवटचं लक्षण बहुधा गादीचं नसून ठिसूळ मणका दबल्याचं असतं.

आपापले रिपोर्ट कृपया कुटुंब-समूहावर टाकू नयेत, त्यावर वीस जण वीस उपाय सांगतात. शंका असेल तर मला वेगळा निरोप पाठवा, रविवारी दुपारी सवडीने उत्तर देईन. पुढचा पाठ गुडघ्यांवर, आणि त्यात उकिडवं बसण्याचा विषय घेऊ.

श्री गुरुदेव दत्त 🙏